तुम्ही नक्की कुठले?
(ज्यू, झायोनिझम आणि नागरिकत्वाचा एक जुना प्रश्न)

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल-गाझा युद्ध पेटलं, तेव्हापासून आपल्या हॉस्टेलवर हा विषय क्रिकेटच्या खालोखाल चालत आला आहे. मेसमध्ये, कॉमन रूममध्ये, अगदी रात्री दोन वाजता सबमिशनची फाईल पूर्ण करता करतासुद्धा. या वादांत दोन वाक्यं हटकून ऐकू येतात. एक, "जगातले सगळे ज्यू इस्रायलच्या मागे कसे एकजुटीने उभे असतात बघा!" आणि दुसरं, "हे सगळं ज्यू लोकांचंच काम आहे." एक वाक्य कौतुकाचं, दुसरं रागाचं. पण गंमत म्हणजे दोन्हींत चूक एकच आहे. ज्यू, इस्रायली आणि झायोनिस्ट हे तीन शब्द जणू एकच आहेत असं दोन्ही बोलणारे धरून चालतात.

मी अलिबागचा. आमच्या गावात 'इस्रायल आळी' आहे आणि तिथे 'मागेन अबोथ' नावाचं ज्यूंचं प्रार्थनालय, म्हणजे सिनेगॉग आहे. त्या आळीतली बरीचशी माणसं केव्हाच इस्रायलला गेली, काही थोडी राहिली. त्यामुळे ज्यू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी टीव्हीवरचे रणगाडे येत नाहीत, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं येतात! या कुतूहलापोटी जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे. युद्धात कोण बरोबर हा निवाडा करायला हा लेख नाही. इस्रायलच्या बाहेर राहणाऱ्या ज्यूंनी झायोनिझमचं काय केलं, आणि झायोनिझमने त्यांचं काय केलं, एवढाच विषय आहे.

आधी तीन वर्तुळं

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा सरळ वेन डायग्राम काढू. पहिलं वर्तुळ ज्यूंचं. ज्यू हा धर्म आहे आणि वंशपरंपरेने चालत आलेला समाजही आहे. त्यामुळे देव न मानणारा माणूससुद्धा स्वतःला ज्यू म्हणवतो. दुसरं वर्तुळ इस्रायली नागरिकांचं. त्यातला साधारण दर पाचवा माणूस अरब आहे. तिसरं वर्तुळ झायोनिस्टांचं. ज्यू हा नुसता धर्म नसून एक राष्ट्र आहे, आणि या राष्ट्राचं घर त्याच्या प्राचीन भूमीत, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये असावं, हे मानणारा तो झायोनिस्ट. 'झायन' हे जेरुसलेममधल्या एका टेकडीचं नाव, त्यावरून हा शब्द आला.

आता ही वर्तुळं एकमेकांत अडकलेली आहेत, पण एकावर एक तंतोतंत बसत नाहीत. अमेरिकेतले लाखो इव्हँजेलिकल ख्रिश्चन कट्टर झायोनिस्ट आहेत आणि ते ज्यू नाहीत. उलट न्यूयॉर्कमधले सातमार पंथाचे, काळे कोट घालणारे, अत्यंत कर्मठ ज्यू झायोनिझमचे विरोधक आहेत. त्यांचं म्हणणं, मसीहा येईल तेव्हाच ज्यूंचं राज्य होईल, माणसांनी मध्ये घाई करणं हे पाप आहे!

जगात आज साधारण दीड कोटी ज्यू आहेत. त्यांतले निम्म्याहून थोडे कमी इस्रायलमध्ये राहतात. साठ लाखांच्या आसपास एकट्या अमेरिकेत. बाकीचे फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन, अर्जेंटिना, रशिया, ऑस्ट्रेलिया असे विखुरलेले. या विखुरलेल्या समाजाला 'डायस्पोरा' म्हणतात. इस्रायल स्थापन होऊन पाऊणशे वर्षं उलटली, तिथे जाणाऱ्या ज्यूला नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा १९५० पासून आहे, तरीही निम्म्याहून अधिक ज्यू तिकडे राहायला गेलेले नाहीत. एवढा एक आकडा नीट डोक्यात ठेवला तरी पुढचं समजायला सोपं जातं.

एकच साल, दोन उत्तरं

युरोपात ज्यूंना समान नागरिकत्व मिळायला सुरुवात झाली ती फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९१ मध्ये. पण त्या देण्यात एक न लिहिलेली अट होती. व्यक्ती म्हणून तुम्हाला सगळे हक्क, वेगळं राष्ट्र म्हणून काही नाही. म्हणजे घरात ज्यू राहा, रस्त्यावर फ्रेंच व्हा. पश्चिम युरोपातल्या ज्यूंनी हा सौदा मनापासून स्वीकारला. कोणी डॉक्टर झाले, कोणी वकील, कोणी लष्करी अधिकारी.

मग १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलं गेलं. त्याआधी, १८८१ पासून, रशियन साम्राज्यात ज्यू वस्त्यांवर दंगली सुरू झाल्याच होत्या. त्यांना 'पोग्रोम' म्हणतात. लोकांना प्रश्न पडला, की आपण सौदा पाळला, समोरचा पाळणार आहे का?

१८९६ मध्ये थिओडोर हर्झल या व्हिएन्नाच्या पत्रकाराने पुस्तिका लिहून आपलं उत्तर दिलं, की ज्यूंना स्वतःचं राज्य हवं. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याने पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली. ती खरं म्हणजे जर्मनीत म्युनिकला भरायची होती. पण तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनीच आणि जर्मनीतल्या रब्बींनी विरोध केला, की आम्ही जर्मन आहोत, आमच्या निष्ठेवर संशय आणू नका! शेवटी ती स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला भरवावी लागली. म्हणजे झायोनिझमला पहिला जोरदार विरोध अरबांनी नव्हे, ज्यूंनीच केला.

त्याच १८९७ मध्ये, काही आठवड्यांनीच, विल्ना शहरात ज्यू कामगारांनी 'बुंद' नावाचा समाजवादी पक्ष काढला. त्यांचं उत्तर अगदी उलटं. आम्ही जिथे राहतो तोच आमचा देश, पळून कशाला जायचं? इथेच लढू, आमची यिडिश भाषा इथेच जपू. १९३८ च्या अखेरीस वॉर्सा शहराच्या निवडणुकीत ज्यू पक्षांना मिळालेल्या बहुतेक जागा याच बुंदने जिंकल्या होत्या. नंतर नाझींनी हा समाजच पुसून टाकला. त्यामुळे आज बुंदचं नाव आपल्याला ऐकूही येत नाही.

आणि तिसरं उत्तर सामान्य माणसाने पायांनी दिलं. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेला गेले. पॅलेस्टाइनला गेले ते त्यांच्या तुलनेत मूठभर.

माँटेग्यूसाहेबांचा विरोध

शाळेच्या इतिहासात 'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा' आपण सर्वांनीच पाठ केल्या आहेत. त्यातले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे ज्यू होते. आणि १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याला ब्रिटिश सरकारात सर्वांत कडवा विरोध याच गृहस्थांनी केला!

बाल्फोर जाहीरनामा म्हणजे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी २ नोव्हेंबर १९१७ रोजी लॉर्ड रॉथशील्ड यांना लिहिलेलं छोटंसं पत्र. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं 'राष्ट्रीय घर' उभं करायला ब्रिटन मदत करील, असं त्यात आहे. माँटेग्यूंनी आपल्याच सरकारचं हे धोरण ज्यूद्वेष्टं आहे असं टिपण लिहून सहकाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्यूंचं घर पॅलेस्टाइन आहे असं सरकारनेच जाहीर केलं, तर उद्या प्रत्येक देश आपल्या ज्यूंना म्हणेल, जा आपल्या घरी. आणि मी तर आता भारतात ब्रिटनच्या वतीने बोलायला निघालो आहे. माझं राष्ट्रीय घर तुर्की मुलखात आहे असं माझंच सरकार म्हणत असेल, तर तिथे माझं ऐकणार कोण?

हा विचार हवेतला नव्हता. हेच बाल्फोर पंतप्रधान असताना १९०५ मध्ये ब्रिटनने परकीयांना रोखणारा कायदा केला होता, आणि त्याचा रोख मुख्यतः पूर्व युरोपातून येणाऱ्या गरीब ज्यूंवर होता.

ब्रिटिश ज्यू समाजही दुभंगला. त्यांच्या 'बोर्ड ऑफ डेप्युटीज' या प्रातिनिधिक मंडळात जून १९१७ मध्ये मतदान झालं. समाजातल्या जुन्या धनिक पुढाऱ्यांनी वर्तमानपत्रात झायोनिझमविरोधी पत्र छापलं होतं, त्याचा निषेध करायचा की नाही? निषेधाच्या बाजूने ५६, विरुद्ध ५१. फक्त पाच मतांचा फरक! खुद्द माँटेग्यूंचे चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युएल झायोनिझमच्या बाजूचे होते आणि १९२० मध्ये तेच पॅलेस्टाइनचे पहिले ब्रिटिश हाय कमिशनर झाले. एका घराण्यात दोन मतं.

माँटेग्यू हरले, पण अगदी रिकाम्या हातांनी नाही. जाहीरनाम्यात दोन अटी आल्या. त्यातली एक अशी, की इतर देशांत ज्यूंना जे हक्क आणि राजकीय स्थान आहे त्याला धक्का लागू नये. दुसरी अट पॅलेस्टाइनमधल्या 'ज्यूतर समाजां'च्या नागरी व धार्मिक हक्कांची. हा ज्यूतर समाज म्हणजे तिथली नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या, अरब! त्यांचं नावही पत्रात नाही आणि राजकीय हक्कांचा उल्लेखही नाही. पुढे १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

अमेरिकेने काढलेला तोडगा

अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्गला ठराव केला होता, की आम्ही राष्ट्र नाही, धार्मिक समाज आहोत. पॅलेस्टाइनला परतायची आम्हाला अपेक्षा नाही. मग तिथे झायोनिझम रुजला कसा?

याचं बरंचसं श्रेय लुई ब्रँडाइस या वकिलाला जातं. (१९१६ मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायाधीश झाले.) त्यांनी प्रश्नच उलटा फिरवला. अमेरिकेतला आयरिश माणूस आयर्लंडच्या स्वराज्याला पैसे पाठवतो, म्हणून तो कमी अमेरिकन ठरतो का? नाही ना? मग ज्यूने पॅलेस्टाइनला मदत केली तर काय बिघडलं? एका माणसाच्या अनेक निष्ठा असू शकतात. त्या एकमेकींच्या विरुद्ध जात असतील तरच अडचण.

या युक्तिवादाने एक नवीनच प्रकारचा झायोनिझम तयार झाला. स्वतः जायचं नाही, पण जाणाऱ्याला मदत करायची. घराघरांत ज्यू राष्ट्रीय निधीच्या निळ्या डब्या आल्या, पोरंटोरं त्यात सुटी नाणी टाकू लागली. हेन्रिएटा झोल्ड यांनी १९१२ मध्ये काढलेल्या 'हदासा' या महिला संघटनेने पॅलेस्टाइनमध्ये नर्स पाठवल्या, दवाखाने उभे केले. आपल्याकडच्या महिला मंडळांसारखंच काम, सभा, वर्गणी, खाऊचे स्टॉल, फक्त उद्देश सातासमुद्रापार. ज्यू माणसाच्या सार्वजनिक आयुष्यात झायोनिझम शिरला तो असा, भाषणांपेक्षा वर्गणीतून.

तरीही तो बहुसंख्यांचा विचार झाला तो नाझींमुळे. १९३८ मध्ये एव्हियांला ३२ देशांची परिषद भरली, ज्यू निर्वासितांना कोण घेणार यासाठी. जवळजवळ सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दारं बंदच ठेवली. त्यानंतरच्या काही वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले. "आम्ही इथलेच" म्हणणाऱ्यांना जर्मनीत काय मिळालं हे पाहिल्यावर जुन्या विरोधकांचा आवाज खाली आला.

१९४८ मध्ये इस्रायल झाला आणि जुना प्रश्न नव्या रूपात आला. इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन अमेरिकन ज्यू तरुणांना "या" म्हणून बोलावू लागले. अमेरिकन ज्यू कमिटीचे अध्यक्ष जेकब ब्लाउस्टाइन थेट जेरुसलेमला गेले. ऑगस्ट १९५० मध्ये बेन-गुरियन यांनी जाहीर मान्य केलं, की अमेरिकन ज्यूंची राजकीय निष्ठा फक्त अमेरिकेशी आहे, इस्रायलशी नाही, आणि इस्रायल त्यांच्या वतीने बोलणार नाही. हा करार दोन सरकारांमधला नव्हता. एक सरकार आणि एका परक्या देशातले नागरिक यांच्यातला होता. असा प्रकार जगाच्या इतिहासात विरळाच!

कोकणातले शनिवार तेली

आता घराकडे येऊ. कोकणातल्या ज्यूंना 'बेने इस्रायल' म्हणतात. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावं गावावरून, कीर्तनंसुद्धा मराठीत. पुढे इंग्रजी अमदानीत लष्कर, रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्यांत ते मुंबईला आले. वरळी-महालक्ष्मीच्या बाजूला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते डॉ. ई. मोझेस याच समाजातले, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते.

१८९७ च्या त्या पहिल्या झायोनिस्ट काँग्रेसचं निमंत्रण बेने इस्रायलांनाही आलं होतं. त्यांनी नम्रपणे नाकारलं. परतायचं तेव्हा देवच हात धरून नेईल, अशी त्यांची श्रद्धा. १९२० मध्ये मुंबईत झायोनिस्ट असोसिएशन निघाली खरी, पण समाजात एकमत नव्हतं. कोणाला काँग्रेसची चळवळ जवळची, कोणाला इंग्रज सरकारची नोकरी, कोणाला झायन.

भारतात त्यांचा धर्मावरून छळ झाला नाही, हे इस्रायलला गेलेले लोकही आवर्जून सांगत आले आहेत. तरी स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज इथे आता चार-पाच हजारांवर आला आहे. श्रद्धा, आधी गेलेल्या नातेवाइकांची ओढ, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची धाकधूक, तिकडे बरं भविष्य मिळेल ही आशा, अशी अनेक कारणं त्यात मिसळलेली होती.

आणि 'घरी' गेल्यावर काय झालं? १९५१-५२ मध्ये काहींनी वर्णावरून भेदभाव होतो म्हणून तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. शंभराहून अधिक लोक खरोखरच परत आले. पुढे त्यांतले काही पुन्हा गेलेही. १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आई-आजीपासूनची वंशावळ तपासा. म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, आणि ज्यूंच्या देशात विचारलं जातंय की तुम्ही ज्यू कशावरून! मंडळी जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. मग धर्मपीठाला त्यांचं नाव त्या फर्मानातून काढावं लागलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या लोकांनी इस्रायलमध्ये जिंकलेला हा नागरी हक्कांचा लढा आपल्याला माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

तिकडे गेलेल्या या मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, महाराष्ट्र दिन साजरे केले. आणि इथे राहिलेल्यांना २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला.

आज काय चाललंय?

झायोनिस्ट काँग्रेस अजूनही भरते. ३९ वी ऑक्टोबर २०२५ मध्ये जेरुसलेमला भरली. तिच्यात इस्रायलला ३८ टक्के, अमेरिकेला २९ टक्के आणि बाकी जगाला ३३ टक्के जागा असतात. त्यासाठी अमेरिकेतले ज्यू मतदान करतात, आणि कर्मठ, सुधारणावादी, उजवे, डावे अशा याद्या एकमेकींविरुद्ध लढतात. आपल्या जीएसच्या इलेक्शनइतकीच चुरस असते म्हणे!

प्यू या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या ८२ टक्के ज्यूंनी सांगितलं, की इस्रायलबद्दल आस्था हा आमच्या ज्यू असण्याचा आवश्यक किंवा महत्त्वाचा भाग आहे. पण आस्था म्हणजे तिथल्या सरकारला पाठिंबा नव्हे. वॉशिंग्टनमध्ये एआयपॅक ही इस्रायलच्या बाजूची जुनी वजनदार संघटना आहे. २००८ च्या सुमारास 'जे स्ट्रीट' निघाली, जी स्वतःला इस्रायलची मित्र म्हणवते आणि पॅलेस्टिनी राज्यही मागते. 'ज्यूइश व्हॉइस फॉर पीस' तर झायोनिझमच नाकारते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. नंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो-हजारो पॅलेस्टिनी मेले, त्यांत मुलं किती! या दोन्ही दुःखांनी डायस्पोरातली घरं चिरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनला इस्रायलच्या समर्थनार्थ प्रचंड सभा झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्येच न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन युद्ध थांबवा म्हणणाऱ्या ज्यू निदर्शकांनी भरून टाकलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले, तेव्हा त्या तंबूंमध्येच काही ज्यू मुलांनी पासओव्हरचं जेवण केलं. आणि त्याच कॅम्पसवरची दुसरी ज्यू मुलं म्हणत होती, की आम्हाला इथे भीती वाटते. दोन्ही मुलं खरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी भारतीय वंशाचे, इस्रायलचे टीकाकार झोहरान ममदानी निवडून आले. मतदानोत्तर चाचण्यांनुसार बहुसंख्य ज्यू मतं विरोधी उमेदवाराला गेली, पण साधारण एक-तृतीयांश ममदानींना पडली.

मग आपल्याला काय?

१९९० मध्ये नॉर्मन टेबिट या ब्रिटिश नेत्याने 'क्रिकेट टेस्ट' सुचवली होती. इंग्लंड विरुद्ध भारत सामना असताना तुम्ही कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवता, त्यावर तुम्ही किती ब्रिटिश ते ठरवायचं! आपले किती सीनियर्स आज अमेरिकेत, जर्मनीत आहेत. गणपती बसवतात, मॅच बघताना ओरडतात, गावाच्या शाळेला देणगी पाठवतात. म्हणून त्यांना कोणी "तुम्ही नक्की कुठले?" असं दरडावलं, तर आपल्याला राग येईल. हा प्रश्न ज्यूंना सव्वादोनशे वर्षं विचारला जातो आहे.

आणि तो नुसता अपमानाचा प्रश्न नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये शिरले. तिथला रब्बी, त्याची बायको, पाहुणे यांना मारताना त्यांनी कोणाला विचारलं नाही, की तुम्ही झायोनिस्ट आहात का, वस्त्यांच्या बाजूचे की विरुद्ध? ज्यू आहेत, बस्स. तीन वर्तुळांचं एक करून टाकलं की ते शेवटी इथपर्यंत जातं. दुसऱ्या बाजूने, इस्रायल सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण ज्यूद्वेष्टा, असं म्हणणारेही तीच वर्तुळं एक करत असतात. त्यात गाझातल्या माणसाचं दुःख बोलायलाच जागा उरत नाही, आणि विरोधात उभा राहिलेला ज्यूसुद्धा खोटा ठरतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी मेसमध्ये हा वाद रंगला, तर तो जरूर घाला. फक्त बोलताना शब्द तपासून घ्या. सरकारबद्दल बोलायचं असेल तर सरकार म्हणा, विचारसरणीबद्दल बोलायचं असेल तर झायोनिझम म्हणा. आणि समोरचा नुसता ज्यू असेल, तर आधी त्याचं मत विचारा. कदाचित तो तुमच्याशी सहमत असेल. कदाचित तुमच्याहून जास्त तावातावाने भांडेल. आणि अलिबागचा असला, तर शुद्ध मराठीत भांडेल!